कॅटलॉग म्हणजे पंचांग नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

पोस्टाची तिकिटे जमवणे हा ‘छंदांचा राजा आणि राजांचा छंद’ असे म्हटले जाते. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल वाद नाही. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज हा नावाजलेला संग्राहक होता आणि त्याचा संग्रह आजही तिथल्या राजघराण्याकडे आहे. पण राजाला जे परवडते ते प्रजेला परवडेलच असे नाही. गंमत म्हणजे या छंदात प्रजेचे अडते ते तिकिटांपाशी नव्हे. तिकीट रद्दीतल्या पाकिटावरून फुकटही मिळते. अडते ते कॅटलॉगपाशी. हाती आलेले तिकीट कोणते, कधीचे, कुठे छापलेले, खरे की खोटे, हे ज्या जाडजूड ग्रंथात पाहायचे तो ग्रंथ महाग आहे, इंग्रजीत आहे आणि आपल्या ग्रंथालयात नाही.

म्हणून तिकिटांविषयी न लिहिता तिकिटांच्या कॅटलॉगविषयीच लिहायचे मी ठरवले. कोणता घ्यावा, किती जुना चालेल, आणि मुख्य म्हणजे त्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, याबद्दल माझी काही मते आहेत. ती सर्वांना पटतीलच असे नाही. एका वाक्यात सांगायचे तर माझे म्हणणे असे: कॅटलॉग हा शब्दकोशासारखा वापरायचा ग्रंथ आहे, आपण तो पंचांगासारखा किंवा बाजारभावाच्या पत्रकासारखा वापरतो, आणि त्यामुळे एक तर नको तेवढे पैसे घालतो, नाहीतर ‘हे आपल्यासाठी नाही’ असे म्हणून नाद सोडून देतो.

ज्यांनी असा ग्रंथ कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक देशाची तिकिटे त्यात ती निघाली त्या क्रमाने दिलेली असतात. प्रत्येक तिकिटाला एक क्रमांक असतो. मग निघाल्याची तारीख, चित्र कशाचे, छपाईची पद्धत, कागदातले जलचिन्ह, दातेरी कडेचे माप, तिकिटावरची किंमत, रंग, आणि सर्वांत शेवटी भावाचे दोन रकाने. एक कोऱ्या तिकिटाचा, दुसरा शिक्का मारलेल्या तिकिटाचा. दातेरी कडेचे माप म्हणजे दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके बसतात तो आकडा. जलचिन्ह म्हणजे कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली खूण; नोट उजेडाकडे धरली की गांधीजींचा चेहरा दिसतो, तसाच हा प्रकार. म्हणजे एका तिकिटाविषयी सात-आठ गोष्टी कळतात आणि त्यांच्या शेजारी दोन आकडे भावाचे. पण बहुतेक जण कॅटलॉग उघडतात ते थेट त्या दोन आकड्यांवरच बोट ठेवतात.

वास्तविक या ग्रंथांचा इतिहास वेगळेच सांगतो. जगातले पहिले तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, इंग्लंडमध्ये मे १८४० मध्ये निघाले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १८६१ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर बेर्जे-लेव्हरो याने आणि पॅरिसमध्ये आल्फ्रेद पोतिके याने तोवर निघालेल्या तिकिटांच्या याद्या छापल्या. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन एडवर्ड ग्रे याचा कॅटलॉग आला. हा ग्रे कोण? ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्र विभागाचा प्रमुख. ज्याचा सारा जन्म प्राण्यांच्या जाती-उपजाती लावण्यात गेला, त्याला तिकिटांचीही वर्गवारी करावीशी वाटली, यात मला काहीच नवल वाटत नाही. पुढे तिकिटांचे व्यापारी या क्षेत्रात उतरले. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली गिबन्सची पहिली यादी १८६५ साली आणि अमेरिकेत जे. डब्ल्यू. स्कॉटची १८६८ साली निघाली. फ्रान्सचा ‘इव्हेर ए तेलिए’ १८९६ चा, जर्मनीचा ‘मिशेल’ १९१० चा. ही नावे आजही चालू आहेत. थोडक्यात, या ग्रंथाच्या अंगात दोन घराण्यांचे रक्त आहे: एक शास्त्रज्ञाचे, दुसरे दुकानदाराचे. आपण कोणाच्या बाजूने तो वाचतो, यावर सारे अवलंबून आहे.

शास्त्रज्ञाची बाजू किती मोलाची आहे हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. नाशिकपर्यंत गेले तरी पुरे. पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात हिंदुस्थानची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि बोटीने इकडे येत. १९२५ च्या सुमारास नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून नाशिकच्या छपाईची तिकिटे टपालात आली. अर्ध्या आण्याचे हिरवे तिकीट घ्या. राजाचा मुखडा तोच, चौकट तीच, रंगही जवळजवळ तोच. फरक आहे तो कागदाच्या पोटात. लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटावर एकच तारा येतो. नाशिकच्या कागदात लहान-लहान अनेक तारे दिसतात. कॅटलॉगमध्ये ही दोन वेगळी तिकिटे आहेत, दोन वेगळ्या क्रमांकांची. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याजवळ एकाच तिकिटाच्या दोन प्रती आहेत. ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात तिकिटांची छपाई लंडनहून महाराष्ट्रात आल्याचा पुरावा आहे. दोन्ही तिकिटे साधी आणि स्वस्तच. पण ज्ञान काही स्वस्त नव्हे.

स्वातंत्र्यानंतरचेही असेच एक उदाहरण आहे आणि ते माझ्या घरातले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. तिथल्या एका आडत्याने दुकानाचा माळा रिकामा करताना जुन्या टपालाची पोती रद्दीत काढली, त्यांतले एक पोते वडील माझ्यासाठी मागून घेऊन आले. त्या पाकिटांवर ‘नये पैसे’ लिहिलेली भारताच्या नकाशाची तिकिटे ढिगाने होती. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली आणि आणे गेले, त्या दिवसापासूनची ही मालिका. तिच्या सुरुवातीच्या कागदात तेच नाशिकचे तारे आहेत. १९५८ पासून मात्र ताऱ्यांऐवजी अशोकस्तंभाच्या शीर्षाचे जलचिन्ह आले. राज्य बदलून दहा वर्षे झाल्यावर कागदाच्या पोटातले चिन्हही बदलले. ही वाटणी करायला वडील रात्री माझ्याबरोबर बसत. तिकीट पाण्यातून काढायचे, वाळवायचे, पालथे करून उजेडाकडे धरायचे, तारे डावीकडे, अशोकशीर्ष उजवीकडे. त्यांना इंग्रजी येत नाही. पण ते म्हणाले, “हा तर गोणीवरचा मार्काच झाला की. माल तोच दिसतो, मार्का बघितला की कळतं कुठल्या पेढीचा.” कॅटलॉगची याहून चांगली व्याख्या मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाही.

आता मुख्य प्रश्न. बाजारात इतके कॅटलॉग असताना घ्यावा कोणता?

माझ्या मते घेण्यापूर्वी स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: मी नेमके काय जमवतो? कारण जाड आणि महाग कॅटलॉग तो चांगला, असा एक समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. गिबन्सचाच ‘स्टॅम्प्स ऑफ द वर्ल्ड’ पाहा. साऱ्या जगाची तिकिटे, अनेक जाडजूड खंड. पण हा मुद्दाम सोपा केलेला कॅटलॉग आहे. जलचिन्हांचे, दातेरी कडांचे भेद त्यात धरलेले नाहीत. म्हणजे वर सांगितलेली लंडन-नाशिकची गोष्ट किंवा तारे आणि अशोकशीर्षाची गोष्ट इतके खंड विकत घेऊनही तुम्हाला कळणार नाही. आणखी एक सापळा आहे तो गिबन्सच्याच राष्ट्रकुल आणि ब्रिटिश साम्राज्याच्या कॅटलॉगचा. त्यात बारकावे भरपूर आहेत, पण त्याच्या नावातच १८४० ते १९७० अशी मुदत दिलेली आहे. ज्याला १९७० नंतरची भारतीय तिकिटे लावायची आहेत त्याने तो घेतला तर त्याची गाडी अर्ध्या वाटेतच थांबेल. त्यापेक्षा गिबन्सचाच फक्त भारतापुरता वेगळा खंड निघतो, तो त्याच्या कामाचा. रुपयांत भाव देणारे आणि आपल्याकडच्या संग्राहकाला सोयीचे असे कोलकात्याच्या माणिक जैन यांचे ‘फिला इंडिया’ हे मार्गदर्शकही अनेक आवृत्त्यांत निघालेले आहे. स्वतंत्र भारताची तिकिटे जमवणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला तेवढे पुरते.

‘मी काय जमवतो’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, मी ठरवले की आपल्या मराठी मुलखात चाललेली तिकिटे जमवायची. ती कॅटलॉगमध्ये कुठे सापडतील? मुंबई, पुणे, नागपूर यांची सोपी आहेत, ती ब्रिटिश हिंदुस्थानात. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादची तिकिटे स्वतंत्र होती. त्या संस्थानाच्या १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा. ही तिकिटे ‘भारत’ या मथळ्याखाली मिळत नाहीत. मागे संस्थानांचा विभाग असतो, त्यात हैदराबादखाली पाहावे लागते. आणि गोवा? पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात १८७१ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज इंडियाची स्वतंत्र तिकिटे चालली. ती ब्रिटिश साम्राज्याच्या कॅटलॉगमध्ये असणारच कशी? स्कॉटमध्ये ती ‘पी’ अक्षराखाली ‘पोर्तुगीज इंडिया’ म्हणून येतात, म्हणजे भारताहून निराळ्या खंडात. एका मराठी भाषेचा मुलूख, पण कॅटलॉगमध्ये तीन ठिकाणी वाटलेला. आधी विषय पक्का केला नाही आणि कॅटलॉग घेतला, तर अजिंठा हातात आणि पान सापडत नाही, अशी गत व्हायची.

दुसरा प्रश्न: मी देवाणघेवाण कोणाशी करतो? कारण क्रमांक ही या छंदाची बोली आहे. सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याची गोल तिकिटे काढली. ‘सिंध डाक’ या नावाने ओळखली जाणारी ही आशियातली पहिली तिकिटे. लाल, पांढरे आणि निळे असे तीन प्रकार. गिबन्समध्ये त्यांचे क्रमांक एस १ ते एस ३ आहेत आणि स्कॉटमध्ये ए १ ते ए ३. तिकिटे तीच, नावे निराळी. आपल्याकडे जुन्या हिंदुस्थानच्या तिकिटांसाठी गिबन्सचे क्रमांक रुळलेले आहेत. अमेरिकेतल्या संग्राहकाशी पत्रव्यवहार करायचा तर स्कॉटचे क्रमांक लागतील. ज्या गावात राहायचे तिथली बोली आधी शिकावी, हा साधा व्यवहार इथेही लागू पडतो.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि माझ्यासारख्यांच्या दृष्टीने तोच पहिला. नव्या परदेशी कॅटलॉगच्या एका खंडालाही काही हजार रुपये पडतात. इथेच माझा पंचांगाचा मुद्दा येतो. मागच्या सालचे पंचांग कोणी विकत घेणार नाही, कारण त्यातल्या तिथी संपल्या. लोकांना वाटते कॅटलॉगचेही तसेच आहे; जुना झाला की टाकाऊ. पण विचार करा, त्यातले शिळे काय होते? भाव शिळे होतात. आवृत्तीनंतर निघालेली तिकिटे त्यात नसतात. बस, इतकेच. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली गांधीजींची चार तिकिटे स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्यात फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापली आणि त्यांच्या कडेचे माप साडेअकरा आहे, ही माहिती तीस वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगमध्ये जितकी खरी होती तितकीच आजही आहे. गिबन्समध्ये त्यांचे क्रमांक ३०५ ते ३०८ तेव्हाही होते, आजही आहेत. क्रमांक सहसा हलत नाहीत. मध्येच एखादा नवा प्रकार सापडला तर जुन्या क्रमांकापुढे एखादे अक्षर जोडून त्याला जागा करून देतात. यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला पुष्कळ झालेल्या आहेत. त्या ओळखायला ताजा भाव उपयोगी पडत नाही. छपाईची पद्धत आणि कडेचे माप उपयोगी पडते, आणि ते जुन्या पुस्तकातही छापलेले असते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की विद्यार्थ्याने नवा कॅटलॉग घेऊच नये. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तके मिळतात, तिथे नजर ठेवावी. ज्येष्ठ संग्राहक नवी आवृत्ती घेतात तेव्हा जुनी कोणाला तरी देतात, त्यांना विचारून ठेवावे. घेताना एवढे पाहावे: आपला विषय असलेली पाने जाग्यावर आहेत ना, आवृत्तीचे साल कोणते, आणि सुरुवातीची सूचनांची पाने शाबूत आहेत ना. मी घेतलेला भारतापुरता कॅटलॉग असाच जुना आहे. त्याच्या आधीच्या मालकाने आपल्याजवळच्या प्रत्येक तिकिटापुढे पेन्सिलीने बारीक खूण केलेली आहे. काही दुकानदार अशा खुणांना दोष समजतात. मला त्या खुणांमुळे कोणती तिकिटे सहज मिळतात आणि कोणती एका माणसाला अखेरपर्यंत मिळाली नाहीत, याचा अंदाज येतो. ही माहिती तर नव्या कोऱ्या पुस्तकात पैसे देऊनही मिळत नाही. राहता राहिली अलीकडची तिकिटे. टपाल खाते प्रत्येक वर्षी निघणाऱ्या विशेष तिकिटांची यादी प्रसिद्ध करते; ती एका वहीत उतरवून घेतली की जुना कॅटलॉग आजपर्यंत येऊन पोहोचतो.

कोणी म्हणेल, “पण भाव नको का कळायला? कोणी फसवले तर?” फसवणूक होते हे खरेच आहे. फरक इतकाच की ती बहुधा भाव माहीत नसल्यामुळे होत नाही. भावाच्या रकान्याचा अर्थ माहीत नसल्यामुळे होते. एका प्रदर्शनात एक विक्रेता शाळकरी मुलांना कॅटलॉगच्या पानाची झेरॉक्स दाखवून तिकिटे विकत होता. “बघा, कॅटलॉगचा भाव इतका, मी निम्म्यात देतो.” मी त्याला एवढेच विचारले की हे पान कोणत्या कॅटलॉगचे, कोणत्या सालचे आणि बोट ठेवले आहे तो रकाना कोऱ्या तिकिटाचा की वापरलेल्या? त्याने झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. विकत होता ती तिकिटे शिक्का मारलेली होती आणि बोट होते कोऱ्या तिकिटाच्या रकान्यावर.

गिबन्सच्या सुरुवातीच्या पानांतच सांगितलेले असते की हे भाव म्हणजे त्या दुकानात उत्तम स्थितीतले तिकीट ज्या दराने विकले जाईल तो दर. म्हणजे ते विकण्याचे भाव आहेत, विकत घेण्याचे नव्हेत. आपण आपले तिकीट घेऊन गेलो तर कोणीही तेवढे पैसे देणार नाही. शिवाय अगदी साध्या तिकिटांपुढेही एक किमान रक्कम छापलेली असते. ती तिकिटाची किंमत नसते. तिकीट शोधून, काढून, पाकिटात घालून देण्याची मजुरी असते. माझ्या हमाल बापाच्या भाषेत सांगायचे तर ती वाराई आहे, मालाचा भाव नव्हे. अशी शंभर तिकिटे जवळ असली म्हणून किमान रकमेची शंभर पट संपत्ती झाली असे कोणी समजू नये. आणि मांजरे, फुटबॉल, राजघराणी यांची रंगीत तिकिटे भरलेली स्वस्त पाकिटे जत्रेत-प्रदर्शनात मिळतात, त्यांत अजमान, फुजैरा, मनामा ही नावे वारंवार दिसतात. १९७० च्या आगेमागे त्या चिमुकल्या प्रदेशांच्या नावाने संग्राहकांसाठीच तिकिटांचा पूर लोटला होता. गिबन्सने त्यांतली बरीच मुख्य यादीत न घेता मागच्या परिशिष्टात टाकली. कॅटलॉग काय छापतो याइतकेच तो काय बाजूला ठेवतो हेही वाचता आले पाहिजे.

दुसरा आक्षेप माझे मित्र घेतात: “आता मोबाइलवर सगळे मिळते, पुस्तक कशाला?” मिळते हे खरे, आणि मीही पाहतो. तिकिटावरची लिपी कोणती, देश कोणता, हे चित्रावरून चटकन सापडते. पण मोबाइलवरचे चित्र तिकिटाचे तोंड दाखवते. पाठ दाखवत नाही. जलचिन्हाचे भेद शोधायचे तर शोधायचे काय हे आधी ठाऊक असावे लागते आणि ते ठाऊक होते पुस्तकाची पाने ओळीने वाचताना. शब्दकोशात एक शब्द शोधायला जावे आणि शेजारचे चार शब्द शिकून यावे, तसे हे आहे. विक्रीच्या जाहिरातींत जे भाव दिसतात ते तर मागणाऱ्याने मागितलेले आकडे. मागायला काय जाते?

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. एक विद्यार्थी जुना कॅटलॉग मिळवू शकेल, दुसरा नाही. म्हणून हा ग्रंथ ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असला पाहिजे. मी याविषयी विचारले तेव्हा मला सांगण्यात आले की अभ्यासक्रमात नसलेल्या विषयावर संदर्भग्रंथ घेण्याची पद्धत नाही. ग्रंथालयाची अडचण मी समजू शकतो. पण प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी हा ग्रंथ छंदाचा म्हणून बाजूला ठेवू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात कंपनी सरकार, संस्थाने, स्वातंत्र्य आणि दशमान नाणी यांचा तारीखवार पुरावा सापडतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सूचीतला भाव आणि बाजारातला भाव यांतला फरक इतक्या सोप्या रीतीने दुसरीकडे कुठे कळेल? भूगोलाच्या विद्यार्थ्याने तर नुसती देशांची बदललेली नावे वाचावीत.

टपाल खात्याने २०१७ साली ‘दीनदयाळ स्पर्श’ ही योजना सुरू केली. तिच्यात सहावी ते नववीच्या मुलांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी लेखी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प असतो. योजना चांगलीच आहे. पण ज्या गावात एकही कॅटलॉग नाही तिथल्या मुलाने प्रकल्प कशाच्या आधाराने करायचा? ज्याच्या घरी वडिलांनी घेतलेले पुस्तक आहे तो पुढे जाणार आणि ज्याच्या घरी पहिले पुस्तक त्याचे स्वतःचेच आहे तो मागे राहणार. हे केवळ तिकिटांपुरते खरे नाही, हे मी वेगळे सांगायला नको. आमच्यासारख्यांना बुद्धी कमी असते म्हणून आम्ही अडत नाही. कुठे पाहायचे ते माहीत नसते आणि जिथे पाहायचे ते कुलपात असते, म्हणून अडतो.

यावर माझी सूचना अगदी साधी आहे. महाविद्यालयाने नवा संच घ्यावा असे मी म्हणतच नाही. भारतापुरता एक जुना खंड आणि एक भारतीय मार्गदर्शक, एवढेच घ्यावे. तेही जमत नसेल तर आपण तिकिटे जमवणाऱ्यांनी वर्गणी काढावी आणि पुस्तक ग्रंथालयाला भेट द्यावे. ग्रंथालयाने फक्त कपाटात नव्हे तर टेबलावर जागा द्यावी. सोबत एक भिंग आणि कडा मोजण्याची पट्टी असावी. कॅटलॉगमधल्या इंग्रजी संक्षेपांचा अर्थ मराठीत लिहिलेला एक तक्ता मी तयार करत आहे, दोन पानांचा होईल. तो पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल. ज्याला ‘डब्ल्यूएमके’ म्हणजे जलचिन्ह आणि ‘पर्फ’ म्हणजे दातेरी कड एवढे कळले, त्याच्यापुरती इंग्रजीची भिंत निम्मी तरी पडली असे समजावे.

तोवर ज्यांना माझा जुना कॅटलॉग पाहायचा असेल त्यांनी दर शनिवारी शेवटच्या तासानंतर वाचनालयाच्या पायऱ्यांवर यावे. आपली तिकिटे घेऊन यावे, आणि भाव विचारण्याआधी तिकीट एकदा उलटे करून उजेडाकडे धरावे.